नूतन बोरसे सदर पत्त्यावर राहत नाही

एखादं काम आखून, ठरवून, वेळेवर पार पाडायचं असेल तर ते माझ्याकडे द्यावं. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते आहे, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगायला तयार नाही. नर्सिंगच्या साडेतीन वर्षांत माझ्या वॉर्डातली एकही गोळी पाच मिनिटं उशिरा गेली नाही. एक आजोबा डिस्चार्ज घेऊन रिक्षात बसले होते, त्यांची चारची गोळी मी रिक्षात जाऊन दिली. मीटर चालू होतं, पण घड्याळही चालू होतंच की!

तर अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला मी पास झाले, आणि पंधरवड्यात मला मस्कतच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. माझ्या वरच्या वर्गातली पूजा आधीच तिथं होती, तिनं शब्द टाकला. पगार चांगला, वर दोन खोल्यांचं क्वार्टर, कुटुंब घेऊन या म्हणाले. अट एकच. पंधरा मेच्या आत सगळ्यांच्या पासपोर्टचे नंबर कळवायचे, नाहीतर जागा दुसरीला.

मी त्याच संध्याकाळी योजना तयार केली. पेशंटच्या खाटेला लटकवतात तसा तक्ता आखला आणि मांडणीशेजारच्या खिळ्याला टांगला. काम, तारीख, कोणी करायचं, झालं की नाही, असे चार रकाने आणि सत्तावीस ओळी. 'कोणी करायचं' या रकान्यात सत्तावीस वेळा 'नूतन' लिहिलं होतं.

आम्ही घरात चार माणसं. माझा नवरा योगेंद्र, जो सुरतेतल्या आमच्या लिंबायत वस्तीतल्याच एका खात्यात संचे चालवतो. खातं म्हणजे कारखाना आणि संचा म्हणजे माग. आम्ही मूळचे खानदेशातले, पण इथं राहून तसंच बोलायला लागलो. माझा मुलगा अमोल, वय सात. आणि माझ्या सासूबाई, सुभद्राबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी नर्स झाले ती त्यांच्यामुळे. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं अर्धी गल्ली गाडीत बसून खानदेशात पळाली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका नर्सिंग स्कूलला मुली मिळेनात. लग्न झालेली, पोराची आई असलेली बाईसुद्धा त्यांना चालणार होती. हॉस्टेलला राहणं मात्र सक्तीचं होतं. अमोल तीन वर्षांचा होता. मी नको म्हणत होते. आत्याबाईंनी माझी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "जाय तू. पोऱ्याले मी सांभायसू."

अशी ही बाई. तिला सोडून मी परदेशात जाईन का? तक्त्यात तिसरी ओळ त्यांचीच होती: 'आत्याबाईंचा पासपोर्ट.' मी त्यांना तसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली, तक्त्याकडे बघितलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या. मी ते 'हो' धरलं.

योगेंद्रनं विचारलं, "मी तठे काय करू?"

"पहिले सहा महिने आराम करायचा," मी म्हणाले.

आराम हा शब्द ऐकून तो इतका गांगरला, की जेवण झाल्यावर उगाचच सायकल पुसत बसला.

चार अर्ज भरले, फोटो काढले. आत्याबाईंनी फोटोत डोळे मिटले म्हणून दुसऱ्यांदा काढले. अर्ज अमदावादच्या पासपोर्ट ऑफिसला गेले. तक्त्यात पहिल्या पाच ओळींपुढे मी लाल पेनानं बरोबरची खूण केली. आता फक्त पोलीस चौकशी राहिली होती. चौकशी म्हणजे काय, तर चौकीतून एक जमादार यायचा, शेजाऱ्यांना विचारायचं ही माणसं इथंच राहतात ना, शेजाऱ्यांनी हो म्हणायचं. यात चुकण्यासारखं काय होतं? आमची गल्ली माझ्या शब्दाबाहेर नव्हती. दर रविवारी मी सगळ्यांचं बी.पी. फुकट मोजत असे.

इथं मला आमच्या गल्लीचा एक जुना धर्म सांगायला हवा. संच्यावर बारा-बारा तासांची पाळी असते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते, त्या दिवशी माणूस मेल्यासारखा झोपतो. नेमका त्याच दिवशी खात्यात कारीगर कमी पडतात, आणि मालक माणूस पाठवतो: जा, अमक्याला उचलून आण. हा खात्याचा माणूस साधा शर्ट घालून, काखेत वही मारून, लुनावरून येतो. तो आला, की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा एकच उत्तर देतं, "गावले गया." मग ज्याला शोधताय तो पडद्यामागं घोरत का असेना. आजवर एकही झोपलेला माणूस आमच्या गल्लीनं शत्रूच्या हाती दिलेला नाही.

आता चौकशीचे जमादार छनाभाई कसे आले असतील? साधा शर्ट घालून, काखेत फाईल मारून, लुनावरून.

त्या दिवशी मी उधना दरवाज्याजवळच्या नर्सिंग होममध्ये ड्यूटीवर होते. मस्कतला जाईपर्यंत तिथं तात्पुरती लागले होते. योगेंद्र पाळीला, अमोल शाळेत, आत्याबाई गिरणीत दळण टाकायला गेलेल्या. दाराला कुलूप. छनाभाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गणपतच्या चहाच्या टपरीवर थांबले. पुढचं मला गणपतनंच संध्याकाळी सांगितलं, छाती फुगवून.

"वहिनी, आज खात्याचा माणूस आला होता. भारी चिवट. मी म्हटलं, योगेंद्र गावले गया. तर विचारतो, कधी? मी म्हटलं, सहा महिने झाले."

"आणि मी वरून सांगितलं," शोभाबाई म्हणाल्या. त्या आमच्या माडीवर राहतात आणि कठड्याला धरून असतात. "म्हटलं, बायका-पोरासकट गेला. तर विचारतो, म्हातारी? म्हटलं, ती तर त्याच्याही आधी गेली. परत येतील का विचारलं. म्हटलं, आता कशाला येतील, शेती पाहताहेत. सगळं लिहून घेतलं मेल्यानं."

मी दोघांचे मनापासून आभार मानले. हे मला आजही सांगताना लाज वाटते. नुसते आभारच नाही, गरम भज्यांची एक ताटली टपरीवर पाठवली.

दहा दिवसांनी अमदावादहून पत्र आलं. चारही अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळले नाहीत. स्थानिक रहिवाशांच्या सांगण्यानुसार सदर कुटुंब सहा महिन्यांपूर्वी शेतीनिमित्त गावी स्थलांतरित झाले आहे. 'शेतीनिमित्त' वाचलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर कठड्याला धरून उभ्या शोभाबाई आल्या. आमची अख्ख्या खानदेशात एक कुंडीसुद्धा नाही.

पत्र घेऊन मी टपरीवर गेले. गणपतनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आपण सांगितलं ते पटलं त्याला."

मी चौकीत धावले. छनाभाई पन्नाशीचे, गुडघ्यांनी त्रासलेले, सज्जन माणूस. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेन, तमे तो गामडे छो."

"साहेब, मी इथं आहे. ही काय, समोर उभी आहे."

"ए हुं जोउं छुं. पण कागळ मां तमे खेती करो छो."

मी त्यांना खात्याचा माणूस, सुट्टी, झोप, सगळं समजावलं. मग त्यांच्या गुडघ्यांना शेक कसा द्यायचा तेही सांगितलं. शेवटी ते फेरचौकशी करायला तयार झाले. जाताना एवढंच म्हणाले, की या वेळी तुमच्या लोकांना साचुं बोलायला सांगा. खरं.

आता हातात दीड महिना होता. त्याच संध्याकाळी मी टपरीसमोर गल्ली गोळा केली. बाकड्यावर उभी राहून सांगितलं, की इथून पुढं कोणीही, कोणत्याही कपड्यात, आमच्याबद्दल काहीही विचारलं, तरी खरं सांगायचं. शब्दानं कमी नाही, शब्दानं जास्त नाही. ज्याला जेवढं माहीत तेवढं. मग मी स्वतः जमादार झाले आणि प्रत्येकाची तालीम घेतली.

"योगेंद्र बोरसे कुठे राहतो?"

"आठेच ऱ्हास साहेब," गणपत म्हणाला. "देवमाणूस आहे. दारूला शिवत नाही."

"तेवढं नको. विचारलं तेवढंच."

"आठेच ऱ्हास. दारूला शिवतो का नाही ते मला माहीत नाही."

अशी चार दिवस तालीम केली. गल्ली इतकी खरी बोलायला लागली, की त्यातून दोन घरांत भांडणं झाली. त्याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. फटका बसला तो माझ्या नवऱ्याला. रविवारी दुपारी खात्याचा खराखुरा माणूस आला आणि बिचकत विचारायला लागला, योगेंद्र आहे का? गल्लीनं एका सुरात सांगितलं, "है ना! राहतो! पंधरा वर्षांपासून राहतो!" दोघांनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि झोपलेला योगेंद्र दाखवला. पुढच्या रविवारीही तेच झालं. तिसऱ्या रविवारी तो लुनाचा आवाज ऐकून स्वतःच उठला, चप्पल घातली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मला वाईट वाटलं. पण मस्कतला आरामच आराम आहे, असं मी मनाला समजावलं.

मग छनाभाई आले. या वेळी खाकी वर्दीत, घोळ नको म्हणून. मी पुन्हा ड्यूटीवर होते. बदलीची नर्स न आल्यानं दोन दिवस तिथंच मुक्काम होता. पण मला काळजी नव्हती. तालीम झालेली होती.

योगेंद्र? राहतो. खात्यात विचारा, दर रविवारी सापडतो. सुभद्राबाई? राहतात, दळणाशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. अमोल? राहतो. शोभाबाईंनी कालच फुटलेली खिडकीची काच पुरावा म्हणून दाखवली. छनाभाई खुश होऊन लिहीत होते.

"अने नूतनबेन?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरं बोलायची शपथ होती, शब्दानं कमी नाही, जास्त नाही.

"ती... येते," शोभाबाई म्हणाल्या.

"आवे छे? एटले?"

"रविवारी येते ना, बी.पी. मोजायला," गणपतनं मदत केली. "साडेतीन वर्षं हॉस्टेलला होती. आता दवाखान्यात असते. मधेच दोन दिवस दिसते, मग नाही दिसत."

छनाभाईंनी पेन थांबवलं. तेवढ्यात अमोल शाळेतून आला. शाळा गुजराती, त्यामुळे पोराची भाषाही अर्धी गुजराती. जमादारांनी वाकून प्रेमानं विचारलं, "बेटा, तारी मम्मी क्यां रहे छे?"

अमोल म्हणाला, "हॉस्पिटल मां."

एप्रिल संपता संपता रजिस्टर पोस्टानं तीन जाड पाकिटं आली आणि एक पातळ. जाड पाकिटांत योगेंद्र, आत्याबाई आणि अमोल यांचे नवेकोरे पासपोर्ट. पातळ पाकिटात माझं पत्र. नूतन योगेंद्र बोरसे ही अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही.

म्हणजे बघा. ज्याला तिथं करायला काही काम नव्हतं तो जाऊ शकत होता. ज्यांनी अमळनेरपलीकडे रेल्वे पाहिली नव्हती त्या जाऊ शकत होत्या. ज्याचा दात पडायचा होता तो जाऊ शकत होता. आणि जिला नोकरी लागली होती ती तेवढी लिंबायतमध्ये! योगेंद्रनं तिन्ही पासपोर्ट पत्त्यांसारखे हातात धरले, सावकाश विचार केला आणि म्हणाला, "मग आम्ही जाऊन येतो का?"

मी बोलले ती अमोलला, आणि चांगलंच बोलले. आईचं घर विचारलं तर हॉस्पिटल सांगतात का? एवढं कळत नाही का? पोरगं भिंतीला टेकून उभं होतं. म्हणालं, "तूच तर सांगितलं होतं. जेवढं माहीत तेवढंच सांगायचं."

सात वर्षांच्या पोराला आई कुठं राहते याबद्दल जेवढं माहीत होतं, तेवढं त्यानं सांगितलं होतं. मी तक्त्यासमोर जाऊन उभी राहिले आणि खूप वेळ नुसती ओळी मोजत राहिले, कारण मागं वळले असते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकी. छनाभाईंना माझं तोंड पाठ झालं होतं.

"हुं शुं करुं, बेन? तमारा छोकराए ज कह्युं."

"साहेब, पंधरा तारखेला माझी नोकरी जाईल."

त्यांनी गुडघा चोळला. शेकानं थोडा उतार होता, त्याचा उपयोग झाला. म्हणाले, छेल्ली वार, म्हणजे शेवटचा, येईन. कधी येईन ते सांगणार नाही. आलो तेव्हा तुम्ही घरात राहताना दिसल्या पाहिजेत. अहवाल त्याच दिवशी माणसाच्या हाती अमदावादला पाठवीन.

राहताना दिसायचं! मी नर्सिंग होममधून आठ दिवसांची रजा घेतली आणि राहायला सुरुवात केली.

इतके दिवस सलग घरात मी हॉस्टेलला जाण्याआधी असेन तेवढीच. पहिल्या दिवशी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. दुपारपर्यंत कंटाळले. मग माझं लक्ष घराकडे गेलं. आणि मला वाटलं, की आपण आहोतच तर जरा शिस्त लावू. पिण्याचं पाणी वीस मिनिटं उकळायला लागले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: तूरडाळ, कळण्याचं पीठ, मीठ. आत्याबाईंना वाचता येत नाही, हे चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर लक्षात आलं. तिखटाचा डबा वरच्या फळीवर हलवला, तेलाचा खाली आणला. आत्याबाई भांडी जरा जोरात ठेवायला लागल्या. त्यांचा हात आता जड झाला असेल, बी.पी. पाहायला हवं, असं मी मनात म्हटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मोरीत मला एक झाकलेलं पातेलं सापडलं. झाकण काढलं आणि वास असा आला, की मला वॉर्ड नंबर चार आठवला. आत ज्वारी, पाण्यात फुगलेली, वर फेस. तीन-चार दिवसांची तरी असावी. अशा पाण्यातूनच रोग पसरतात, हे ज्या बाईनं परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिलं आहे ती काय करणार? मी पातेलं उचललं, मागच्या गटाराशी नेलं, ओतलं, वर फिनेल टाकलं आणि पातेलं घासून पालथं ठेवलं. हात साबणानं दोनदा धुतले.

थोड्या वेळानं आत्याबाई मोरीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पालथं पातेलं त्यांच्या हातात होतं.

"आठली जवारी कोठे शे?"

"फेकली. सडली होती, आत्याबाई."

"सडेल?" त्या खालीच बसल्या. "अगं, ती बिबड्यासनी जवारी व्हती. तीन दिन भिजाडेल. उद्या घाटा शिजाडाना व्हता."

मी खानदेशची मुलगी. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, राखण करत त्यांचा शिजवलेला घाटा बोटानं चाटलेला आहे. ज्वारी भिजते, आंबते, तिचा वास घरभर सुटतो, आणि त्या वासाशिवाय बिबडी होत नाही, हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि मी फिनेल टाकलं होतं. अशा वेळी माणसानं चूक कबूल करावी. मी काय केलं? मी चढ्या आवाजात म्हणाले, "पण आता कशाला बिबड्या? आपल्याला जायचंय महिन्याभरात!"

"तुनाकरता करी ऱ्हायंतू," त्या म्हणाल्या. "तुले लयी जावाले. माले नही जानं."

"नाही जाणं म्हणजे? तुमचा पासपोर्ट आलाय!"

"मी मांगेल व्हता का? तू माले इचारं का? एक डाव तरी इचारं?"

मी तोंड उघडलं आणि आठवायला लागले. तिसरी ओळ, तांदळातले खडे. विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

आत्याबाई आजवर माझ्यावर आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. साडेतीन वर्षं रविवारची पाहुणी म्हणून मला गरम भाकरी वाढत होत्या. त्या दिवशी सगळं बाहेर आलं. त्यांच्या बोलीत ते जास्त लागत होतं, पण सांगायचं झालं तर असं: पोर सांभाळलं ते कशासाठी? तू शिकून घरी येशील म्हणून. आलीस, तर घरच उचलून चाललीस. पाच दिवसांत माझा तिखटाचा डबा मला सापडत नाही. तिथं तर मला माझं काहीच सापडणार नाही. बोलू कोणाशी? तू ड्यूटीवर, पोरगं शाळेत. मी काय तुझ्या तक्त्याशी बोलू?

"मग मी काय करू?" मीही ओरडले. "एकटी जाऊ? मला जमेल का तुमच्याशिवाय? माझ्या पोराला ताप आला तर तो मला हाक मारत नाही, तुम्हाला मारतो. तुम्ही नसाल तर मला साधं घर चालवता येत नाही. बघितलंत ना, पाच दिवसांत काय केलं ते!"

"मंग जवारी काब्र फेकी?"

"वास येत होता म्हणून!"

"वास तर तुना त्या फिनेलना भी येस!"

आमच्या दोघींच्या डोळ्यांना पाणी होतं आणि दोघींचे आवाज माडीपर्यंत गेले होते. पातेलं त्यांच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्यांच्याकडे ओढलं जात होतं. का, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात दारात खाकरण्याचा आवाज आला.

छनाभाई उंबऱ्यात उभे होते. बऱ्याच वेळचे असावेत, कारण शोभाबाईंनी त्यांना बसायला माझीच खुर्ची दिली होती आणि गणपतनं आणलेला चहा अर्धा पिऊन झाला होता. मागं सगळी गल्ली, एकदम शांत, खरं बोलायला तयार.

माझा जीव गेला. "साहेब, मी रेशनकार्ड दाखवते. लाइटचं बिल आहे. थांबा, लग्नाची पत्रिका—"

"कंई नथी जोईतुं, बेन," छनाभाई म्हणाले आणि गुडघ्यावर फाईल ठेवून लिहायला लागले. "महेमान जोडे आवुं कोई नहीं लडे. तमे अहीं ज रहो छो." पाहुणीशी असं कोणी भांडत नाही, म्हणून मी इथलीच.

त्यांनी सही केली, चहा संपवला, आणि आत्याबाईंना हात जोडून निघून गेले. गल्लीही पांगली. जाताना शोभाबाई म्हणाल्या, की माझ्याकडे दीड किलो ज्वारी आहे, आजच भिजत घाला.

घरात आम्ही दोघी आणि पातेलं राहिलो. मी तक्त्याकडे बघितलं नाही. आत्याबाईंच्या समोर जमिनीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आत्याबाई, तुम्ही याल का माझ्याबरोबर? नाही म्हणालात तरी चालेल. मी जाईन, सुट्टीत येईन."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेरा तारखेला माझा पासपोर्ट आला, मी पोस्टासमोरच्या एस.टी.डी. बूथमधून पूजाला नंबर सांगितला, चारपैकी तीन. चौथा विचारून सांगते म्हणाले.

चौदाला सकाळी आम्ही गच्चीवर धोतराच्या पानावर बिबड्या थापत होतो. म्हणजे त्या थापत होत्या, मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. चाळीस-पन्नास झाल्या असतील. त्या मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "येसू मी. पन एक बात शे."

"सांगा ना. काहीही."

"तठलं सैपाकघर मनं. त्यामा तू पाय ठेवू नको."

नोकरी माझी, क्वार्टर माझ्या नावावर, त्यात खोल्या दोन, आणि मला परवानगी एकीचीच. मी मुकाट्यानं हो म्हणाले, आणि तांब्या तिथंच ठेवून एस.टी.डी. बूथकडे पळाले, त्यांचा विचार बदलायच्या आत.